बुटांच्या खोक्यातला हिशेब

मार्चमधल्या एका शनिवारी माझी भाची बुटांचं खोकं काखेत मारून घरी आली आणि ते माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवत म्हणाली, "मावशी, माझा सगळा हिशेब यात आहे." घरात आम्ही तिला छकुली म्हणतो, इथंही तेच नाव ठेवते. छकुली वीस वर्षांची आहे, सहा फूट उंच आहे आणि अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहरात, कॉलेजच्या संघातून व्हॉलीबॉल खेळते. मी याच शहरात बावीस वर्षं लोकांची करविवरणपत्रं भरते. माझ्याकडं एन्रोल्ड एजंटचा परवाना आहे, म्हणजे आयआरएस या इथल्या प्राप्तिकर खात्यापुढं करदात्याच्या वतीनं उभं राहता येतं.

खोक्यात काय होतं ते सांगते. पेट्रोलच्या पावत्या, एजंटचं बिल, पिझ्झाच्या एका दुकानाचं कूपन आणि त्यावर छकुलीचाच उडी मारून चेंडू ठोकतानाचा फोटो. एका पिवळ्या चिठ्ठीवर 'कॅम्प, १५००, व्हेन्मो' एवढंच लिहिलेलं. शिवाय दोन पाकिटं, एक फोडलेलं आणि एक न फोडलेलं. न फोडलेलं पाकीट मोटारी विकणाऱ्या एका शोरूमकडून जानेवारीच्या शेवटी आलं होतं. जाहिरात असेल असं समजून तिनं ते तसंच टाकून दिलं होतं. मी फोडलं. आत १०९९-एनईसी, म्हणजे नोकर नसलेल्याला दिलेल्या मोबदल्याची नोंद करणारा फॉर्म होता आणि चौकटीत आकडा होता ३,२०० डॉलर.

"पण मावशी, त्यांनी मला पैसे दिलेच नाहीत. आठ महिने गाडी वापरायला दिली फक्त."

आज अमेरिकेत कॉलेजात खेळणाऱ्या हजारो मुलामुलींच्या तोंडी हेच वाक्य आहे. ही मुलं लबाड नसतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

भारतातल्या वाचकांना आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. इथं कॉलेजचा खेळ हा प्रचंड मोठा धंदा आहे. आमच्या शहरातल्या ओहायो स्टेडियममध्ये शनिवारी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला एक लाखाहून जास्त माणसं बसतात. तिकिटांचे, टीव्हीचे, टोप्या-जर्सींचे पैसे वाहत असतात. पण ज्यांच्या जिवावर हे चालतं त्या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडं काही घ्यायची वर्षानुवर्षं बंदी होती. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था ते नियम राबवायची. एखाद्यानं स्वतःच्या सहीचे चार पैसे घेतले तरी त्याचं खेळणं बंद व्हायचं.

या भिंतीला पहिलं मोठं भगदाड एड ओबॅनन यानं पाडलं. तो कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएचा बास्केटबॉलपटू. कॉलेज सोडून कितीतरी वर्षं झाल्यावर त्याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला, तीच अंगकाठी आणि तोच जर्सीचा नंबर. त्यासाठी त्याला एक पैसाही मिळाला नव्हता. २००९ मध्ये त्यानं खटला भरला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करू देणारा कायदा केला. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात ९-० असा एकमुखी निकाल दिला आणि पुढच्या दहा दिवसांत, १ जुलै २०२१ ला, दारं उघडली. खेळाडूला आपलं नाव, चेहरा आणि ओळख विकायची मोकळीक मिळाली. इथं सगळे त्याला 'एनआयएल' म्हणतात. त्याच दिवशी फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाच्या कॅव्हिंडर या जुळ्या बहिणींनी बूस्ट मोबाइल कंपनीशी करार केला आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये त्यांचा फलक झळकला. ज्या प्रकारच्या गेममुळं ओबॅनन कोर्टात गेला त्या प्रकारचा कॉलेज फुटबॉलचा गेम अकरा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, परत आला, आणि त्यात आपली ओळख वापरू देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली, तेव्हापासून विद्यापीठं थेट खेळाडूंनाही पैसे देऊ शकतात. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठासाठी २०२५-२६ ची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. बहुतेक सगळा पैसा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडं जातो. व्हॉलीबॉलच्या मुलीला त्यातलं फार काही मिळत नाही. तिला मिळतात ते गावातल्या दुकानांचे छोटे करार आणि 'कलेक्टिव्ह'चे पैसे. कलेक्टिव्ह म्हणजे विद्यापीठाच्या चाहत्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून चालवलेली मंडळी. ते खेळाडूला पैसे देतात आणि बदल्यात एखाद्या कार्यक्रमाला हजेरी किंवा दोन-चार पोस्ट मागतात.

खेळाडूंवर इतकी वर्षं झालेला अन्याय दूर झाला याचा मला मनापासून आनंद आहे. माझं म्हणणं पुढचं आहे. आपण एकोणीस वर्षांच्या पोराला एका दिवसात दुकानदार केलं आणि त्याच्या हाती वही दिलीच नाही.

माझे वडील सांगलीच्या हळदपेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. शेतकऱ्याची हळद विकली गेली की ते त्याच्या हातात हिशेबपट्टी द्यायचे. वरच्या ओळीला मालाची पूर्ण किंमत, खाली हमाली, तोलाई, अडत, घेतलेली उचल, आणि सगळ्यात खाली हातात पडणारी रक्कम. शेतकरी शाळेत गेलेला असो की नसो, तो त्या खालच्या ओळीवर बोट ठेवून आकडा विचारायचा आणि तेवढेच आपले पैसे समजायचा. नोकरदाराची पगारचिठ्ठी तशीच असते. एनआयएलचा पैसा मात्र पट्टीशिवाय येतो. विद्यापीठ असो, कलेक्टिव्ह असो की पिझ्झावाला, देणारा खेळाडूला नोकर मानत नाही. तो त्याला स्वतंत्र धंदेवाईक मानतो. म्हणून त्यातून एक सेंटही कापला जात नाही. बँकेत १,००० डॉलर जमा झालेले दिसतात आणि ते सगळे आपलेच वाटतात.

छकुलीचं २०२५ चं वर्ष मी त्या टेबलावर पट्टीसारखं मांडलं. कलेक्टिव्हकडून १२,०००. गाडीच्या वापराची किंमत ३,२००. पिझ्झाच्या दुकानासाठी केलेल्या दोन पोस्टचे ५००. शाळकरी मुलींना व्हॉलीबॉल शिकवण्याच्या उन्हाळी कॅम्पचे १,५००, ते व्हेन्मो ॲपवर आलेले. आणि एका कंपनीनं जाहिरातीच्या बदल्यात पाठवलेले बूट आणि कपडे, बाजारभावानं ८००. एकूण १८,००० डॉलर. त्यातून खर्च वजा: एजंटची दलाली १,२०० आणि चित्रीकरणाचे दिवे, प्रवास, फोनचा कामापुरता वाटा मिळून ८००. निव्वळ नफा १६,०००.

छकुलीनं लगेच मोबाइलवर शोधलं. "मावशी, एकट्या माणसाला १५,७५० ची सूट असते ना? मग मला २५० डॉलरवरच कर लागेल."

तिचं वाचन चुकलं नव्हतं, फक्त अर्धं होतं. २०२५ साठी अविवाहित व्यक्तीची प्रमाणित वजावट खरंच १५,७५० डॉलर आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलासाठी तिचं गणित थोडं वेगळं असतं, कमावलेलं उत्पन्न अधिक ४५०, पण त्या गणितानंही छकुलीचा प्राप्तिकर शून्यच येत होता. तरीही विवरणपत्राच्या शेवटच्या ओळीवर आकडा आला २,२६१ डॉलर.

तो स्वयंरोजगाराचा कर. नोकरी करणाऱ्याच्या पगारातून म्हातारपणच्या पेन्शनसाठी आणि वैद्यकीय विम्यासाठी ७.६५ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक आपल्या खिशातून भरतो. स्वतःचा धंदा करणारा स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर. दोन्ही वाटे त्याच्याच माथी, म्हणजे १५.३ टक्के. तो नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवर लागतो. १६,००० चे ९२.३५ टक्के होतात १४,७७६ आणि त्यावर १५.३ टक्के म्हणजे २,२६१. प्रमाणित वजावटीचा या कराशी काही संबंध नाही. नफा ४०० डॉलर झाला की तो सुरू होतो. आपण गरीब विद्यार्थी आहोत, आपल्याला कुठला कर, असं समजणाऱ्या पोरांना जमिनीवर आणतो तो हाच आकडा.

कोलंबस शहराचा स्वतःचा आयकर आहे, अडीच टक्के. तिच्या नफ्यावर ते झाले ४००. ओहायो राज्य मात्र धंद्याच्या पहिल्या अडीच लाख डॉलरच्या उत्पन्नाला सूट देतं, तिथं शून्य. एकूण २,६६१ डॉलर. बँकेत छकुलीचे उरले होते नऊशे.

बाकीचे पैसे कुठं गेले हे मला माहीत होतं. गेल्या दिवाळीत तिनं आपल्या आजीला, म्हणजे माझ्या मावशीला, सांगलीहून इकडं आणलं. मुंबईहून कोलंबसपर्यंतचं तिकीट, विमा, थंडीचे कपडे, सगळं तिच्या पैशातून. आजी पहिल्यांदाच नातीचा सामना बघायला हॉलमध्ये बसली आणि प्रत्येक गुणाला उभी राहून टाळ्या वाजवत होती. "तिकीट खर्चात दाखवता येईल का?" छकुलीनं विचारलं. नाही येत. खर्च तोच, जो ती कमाई करण्यासाठी झाला. रोज घालता येतील असे कपडे, जिमची फी, जेवण, प्रथिनांची पावडर, मैत्रिणींबरोबरची पिझ्झा पार्टी, यातलं काहीच त्यात बसत नाही. तिकिटासारखा सुंदर खर्चही बसत नाही. मला ते सांगताना जड गेलं.

आता त्या गाडीविषयी. या कायद्यात पैसा म्हणजे फक्त रोकड नव्हे. कामाच्या मोबदल्यात मिळालेली वस्तू, सेवा, वापर, सगळं बाजारभावानं उत्पन्न धरलं जातं. शोरूमनं गाडी दिली आणि छकुलीनं बदल्यात दर महिन्याला त्या गाडीसोबत फोटो टाकला. गाडी परत गेली तरी आठ महिन्यांचं भाडं हे तिचं उत्पन्नच. गाडी देणाऱ्या माणसानं चावी देताना तिच्यासोबत फोटो काढून घेतला, करारावर सही करून घेतली, पण वर्षअखेर हा आकडा सरकारकडं जाणार आहे असा एक शब्दही काढला नाही. कर भरायला गाडी विकता येत नाही आणि बूट विकता येत नाहीत. कर रोख भरावा लागतो. फुकट वस्तूंमधली अडचण ही आहे.

भारतातही याच विचाराचा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. धंद्याच्या निमित्तानं मिळालेल्या भेटवस्तूंची किंमत वर्षाला २०,००० रुपयांवर गेली तर देणाऱ्यानं १० टक्के टीडीएस कापायचा किंवा तो भरल्याची खात्री करायची. प्राप्तिकर मंडळाच्या परिपत्रकात इन्फ्लुएन्सरचा खास उल्लेख आहे: जाहिरातीसाठी आलेली वस्तू परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. पुण्यामुंबईच्या ज्या मुलामुलींना रील करण्यासाठी मोबाइल आणि घड्याळं घरपोच येतात त्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

कागदाबद्दलचा एक गैरसमज फार पसरला आहे. फॉर्म आला तर कर, फॉर्म नाही तर कर नाही. पिझ्झावाल्यानं ५०० दिले आणि फॉर्म पाठवला नाही, कारण २०२५ पर्यंत ६०० डॉलरच्या आतल्या रकमेवर तो पाठवणं बंधनकारक नव्हतं. कॅम्पचे पैसे वेगवेगळ्या पालकांनी दिले, त्यांचाही फॉर्म नाही. दोन्ही उत्पन्नच. मला खरी काळजी वाटते ती पुढच्या वर्षाची. २०२६ मध्ये दिलेल्या पैशांसाठी ही मर्यादा ६०० वरून २,००० डॉलर झाली आहे. म्हणजे कमी फॉर्म येणार, आणि ज्यांचे दहा छोटे करार आहेत अशा मुलांच्या पेटीत कदाचित एकही येणार नाही. करदायित्व मात्र होतं तिथंच, ४०० वर. कागद येवो न येवो, आपली वही आपणच ठेवायची. गंमत म्हणजे ६०० डॉलर किंवा त्यावरचा बाहेरचा करार खेळाडूंना आता एका केंद्रीय यंत्रणेला कळवावा लागतो. छकुलीनं ते अर्ज इमानदारीनं भरले होते. त्या सगळ्या अर्जांच्या प्रवासात तिला कराविषयी कुणी चकार शब्द सांगितला नाही.

काही घरांत आणखी एक समजूत असते: कलेक्टिव्ह म्हणजे धर्मादाय मंडळ, त्यांचा पैसा म्हणजे देणगी, मग कर कसला? काही कलेक्टिव्हनी धर्मादाय संस्थेचा दर्जा घेतलाही होता. २०२३ मध्ये आयआरएसच्या कायदे विभागानं स्पष्ट केलं की अशा अनेक मंडळ्या त्या दर्जाला पात्र ठरत नाहीत. देणाऱ्याचा दर्जा काहीही असला तरी घेणाऱ्यानं काम करून घेतलेला पैसा हा मोबदलाच.

जर्सीवरच्या नावाची किंवा गेममधल्या चेहऱ्याची रॉयल्टी हा निराळा प्रकार. त्यात खेळाडू काम करत नाही, फक्त परवानगी देतो. त्यामुळं त्यावर स्वयंरोजगाराचा कर सहसा लागत नाही. पण विद्यार्थी आईवडिलांवर अवलंबून असेल आणि असं न कमावलेलं उत्पन्न २०२५ मध्ये २,७०० डॉलरच्या वर गेलं, तर वरच्या भागावर आईवडिलांच्या दरानं कर बसू शकतो. डॉक्टर आईबापाच्या मुलाला तो चांगलाच जाणवतो.

आईवडिलांचा विषय निघालाच आहे तर माझ्याकडं आलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. मुलानं हॉस्टेलच्या खोलीत बसून मोबाइल ॲपवर स्वतःचं विवरणपत्र भरलं. 'दुसरं कुणी तुम्हाला आपल्यावर अवलंबून दाखवू शकतं का' या प्रश्नावर त्यानं अभिमानानं 'नाही' दाबलं. आपण कमावतो ना आता! पंधरा दिवसांनी त्याच्या आईवडिलांचं विवरणपत्र संगणकानं परत पाठवलं, कारण मुलाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आधीच वापरला गेला होता. चोवीस वर्षांखालचा पूर्णवेळ विद्यार्थी कितीही कमवो, स्वतःच्या पालनपोषणाचा अर्ध्याहून जास्त खर्च तो स्वतः करत नसेल तर आईवडील त्याला सहसा आपल्यावर अवलंबून दाखवू शकतात. शिष्यवृत्ती या हिशेबात धरत नाहीत. त्या एका बटणामुळं वडिलांची २,५०० डॉलरपर्यंतची शिक्षणाची करसवलत अडकली आणि मुलाचं विवरणपत्र दुरुस्त करून पुन्हा पाठवावं लागलं. घरात आठवडाभर अबोला होता.

शिष्यवृत्तीबद्दलही एक ओळ. शिक्षण शुल्क, फी आणि पुस्तकांपुरती ती करमुक्त. राहण्या-जेवणाचा भाग करपात्र. छकुलीची शिष्यवृत्ती फक्त शुल्कापुरती होती, म्हणून तिची पट्टी सोपी झाली. पूर्ण शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूची इतकी सोपी नसते.

ज्यांना गरजू म्हणून सरकारी मदत मिळते त्यांच्यासाठी अजून एक धोका आहे, आणि तो दोन वर्षं उशिरा येतो. शिक्षणाच्या मदतीचा अर्ज, ज्याला फाफ्सा म्हणतात, तो दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. २०२५ ची कमाई २०२७-२८ च्या अर्जात उमटणार. विद्यार्थ्याच्या उत्पन्नाचा एका मर्यादेवरचा अर्धा भाग 'शिक्षणासाठी उपलब्ध' असा धरला जातो. छकुली तेव्हा शेवटच्या वर्षाला असेल. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला झालेल्या करारांमुळं शेवटच्या वर्षाची मदत कमी होऊ शकते, आणि तोपर्यंत करारही संपलेले असतात, एखाद्याचा गुडघाही गेलेला असतो. गरीब घरातल्या मुलांना हे आधी सांगणं मला सगळ्यात गरजेचं वाटतं.

राज्यांची तऱ्हा वेगळीच. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी इथं राज्याचा आयकर नाही. आर्कान्सानं २०२५ मध्ये एनआयएलचं उत्पन्न राज्याच्या आयकरातून वगळलं, चांगले खेळाडू ओढून घेता यावेत म्हणून. हे मला पटत नाही. वसतिगृहाच्या भोजनगृहात भांडी घासणारा विद्यार्थी कर भरणार आणि त्याच्या शेजारच्या बाकावरचा क्वार्टरबॅक भरणार नाही, याला न्याय म्हणवत नाही.

आणि आता ज्या वाचकांच्या घरात हे सगळ्यात जवळून घडू शकतं त्यांच्याशी बोलते. आपल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं इथंच वाढलेली आहेत, पण आईबापाच्या एच-१बी व्हिसावर, म्हणजे स्वतः एच-४ वर. ग्रीन कार्डाची रांग लांब. मूल एकवीस वर्षांचं झालं की त्याला बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. एच-४ वरच्या मुलाला काम करायची परवानगी नसते. एफ-१ वर कॅम्पसबाहेर काम करायला परवानगी लागते. पैसे घेऊन जाहिरातीची पोस्ट टाकणं, सही करायला बसणं, कॅम्प घेणं हे कामच ठरण्याची दाट शक्यता. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी २०२३ आणि २०२४ असा दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, पण तो कॅनडाचा, विद्यार्थी व्हिसावर, म्हणून सहकाऱ्यांसारखे करार त्याला करता येत नव्हते. केंटकी विद्यापीठाचा, काँगो देशातून आलेला ऑस्कर शिब्वे २०२२ मध्ये संघ बहामाला गेला तेव्हा तिथं जाऊन करारांचं काम करून आला. वाट शोधावी लागते आणि ती वकिलाचा हात धरूनच शोधावी.

लक्षात घ्या, व्हिसाचा नियम आणि कराचा नियम ही दोन वेगळी खाती आहेत. परवानगीशिवाय कमावलेल्या पैशावरही कर लागतोच, आणि कर भरला म्हणून व्हिसाचा भंग माफ होत नाही. भारतातून थेट आलेल्या एफ-१ विद्यार्थ्याला साधारण पहिली पाच वर्षं वेगळं विवरणपत्र भरावं लागतं. त्याला स्वयंरोजगाराचा कर लागत नाही, आणि भारत-अमेरिका करारामुळं प्रमाणित वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. बॅडमिंटन, टेनिस, स्क्वॉश, गोल्फ खेळायला इकडं येणाऱ्या आपल्या मुलांना कुणी 'दोन पोस्ट टाक, पाचशे डॉलर देतो' असं म्हटलं, तर सहीआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जायचं. पाचशे डॉलरसाठी व्हिसा धोक्यात घालू नये.

छकुलीचे २,६६१ डॉलर कसे भरले? तिचे वडील चेकबुक काढून तयार होते. मी त्यांना थांबवलं. आयआरएस १८० दिवसांची मुदत देतं, त्यासाठी वेगळी फी नाही, फक्त व्याज आणि उशिराचा दंड चालू राहतो. शहराचे चारशे आणि आयआरएसचे पाचशे तिनं आपल्या नऊशेतून भरले, उरलेले उन्हाळ्याच्या कॅम्पमधून भरणार आहे. आगाऊ कर भरला नाही म्हणून दंड मात्र बसला नाही, कारण २०२४ मध्ये तिचा कर शून्य होता आणि नियम पहिल्या वर्षाला तेवढी सवलत देतो. दुसऱ्या वर्षी ती नसते.

म्हणून आम्ही त्याच दिवशी बँकेत दुसरं खातं उघडलं. छकुलीनं ॲपमध्ये त्याला नाव दिलं, 'पट्टी'. कुठूनही पैसे आले की त्याच दिवशी तीस टक्के तिकडं. वस्तू आली तर तिची किंमत बघून तिच्याही तीस टक्क्यांएवढी रोकड तिकडं. एक वही केली. तारीख, कुणाकडून, कशासाठी, किती. चार रकाने, बस्स. गेल्या वर्षीच्या कराइतकी रक्कम चार हप्त्यांत वेळेवर भरली तर छकुलीसारखीला यंदा दंड लागत नाही. २,२६१ चे चार भाग, दर वेळी ५६६ डॉलर. पहिला हप्ता तिनं १५ एप्रिलला सामन्याच्या सरावाला जाता जाता मोबाइलवरून भरला आणि मला पावती पाठवली. खाली लिहिलं होतं, 'मावशी, वहीत लिहिलं.'

तुमच्या घरात असं एखादं खोकं असेल तर पुढच्या मार्चची वाट बघू नका, याच आठवड्यात मुलाला जवळ बसवून ते उघडा. दुसरा हप्ता दर वर्षी १५ जूनला असतो.